शेजारधर्म, शेकडा पस्तीस

पुंडलिकनगरात गाडी घ्यायला कर्ज लागतं आणि ती उभी करायला पुण्याई. आमच्या भागातले बरेच प्लॉट गुंठेवारीचे, म्हणजे अजून नियमित व्हायचे. घर प्लॉटभर, आणि उरलेल्या चार फुटांत पाण्याचा हौद. हौदाला आमच्याकडं गाडीपेक्षा जास्त मान. त्यामुळं गाडी गल्लीत, आणि गल्लीतून जाणारी शाळेची रिक्षा, भाजीचा हातगाडा, मंडपाचा टेम्पो, पाण्याचा टँकर यांपैकी कुणीही तिची विचारपूस केल्याशिवाय पुढं जात नाही.

समोरच्या काकांनी परवा स्कूटी मागं घेताना आमचा पुढचा बंपर फोडला. काका जन्मभर चिकलठाणा एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला होते. स्कूटी स्टँडला लावून त्यांनी तडा नखानं तपासला, "पीस रिजेक्ट," असा शेरा दिला आणि वर मलाच म्हणाले, "क्लेम टाका की. विमा कशाला भरायलाव मग?"

वर्षभराचे पैसे भरले आणि काहीच झालं नाही, हे आपल्याकडं कुणालाच सहन होत नाही. नळपट्टी भरून पाणी येत नाही ते चालतं; विमा भरून अपघात झाला नाही की फसवल्यासारखं वाटतं.

मी पॉलिसी काढली. काकाही चष्मा पुसून ओट्यावर बसले. या कागदाचे मुळात दोन भाग. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर. हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा. नसेल तर पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानं १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये. कंपनी कुठलीही घ्या, इथं घासाघीस नाही. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये सोडवणाऱ्या माणसाला हे फार लागतं.

घासाघीस दुसऱ्या भागात, आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. आणि इथं एक आनंदाची बातमी आहे. जुन्या टॅरिफनं देशाचे दोन विभाग केले: मुंबई, पुणे, दिल्लीसारखी आठ शहरं 'अ' मध्ये, बाकी सगळा भारत 'ब' मध्ये. 'ब' ला दर जरा कमी. २०१० साली आपल्या शहरानं एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, देशभर गाजावाजा झाला, तरी विम्याच्या नकाशावर आपण 'ब' ते 'ब'च. मागासलेपणाचे पैसे वाचतात असं हे एकच ठिकाण मला माहीत आहे. नोंदणी जिथली तिथला विभाग धरतात, म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या पोरांनी एमएच २० ची पाटी अभिमानानं मिरवावी.

विम्याच्या याच दुसऱ्या भागात नो क्लेम बोनस असतो. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम टाकला की परत शून्य. आम्ही ३५ वर होतो. मी पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला. सोयीसाठी मूळ हप्ता ८,००० धरू. पुढच्या वर्षी ४५ टक्के सुटीनं भरायचे ४,४००. क्लेम टाकला तर पूर्ण ८,०००. फरक ३,६००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,२४८. आणि मिळणार काय? बंपर ४,००० चा धरा. तो प्लास्टिकचा, म्हणून घसारा निम्मा. उरलेल्या २,००० तून सक्तीचे १,००० आपल्या खिशातून. हाती १,००० आणि रंग-मजुरीचं जे काय निघेल ते.

काकांनी दोनदा बेरीज तपासली. "म्हणजे मी बंपर फोडला १,००० चा, आणि क्लेम टाकून तुम्ही फोडणार ४,००० चा?"

तेव्हापासून मी गल्लीतला सगळ्यांत क्षमाशील माणूस आहे. हातगाडा घासला, हरकत नाही. पोरांचा चेंडू बॉनेटवर, खेळा बाळांनो. बायको म्हणते, "माझ्या भावाला एवढं कधी माफ केलं नाही तुम्ही." तिच्या भावावर ३५ टक्के सूट नाही, हे मी तिला सांगत नाही. (गाडी चोरीला गेली किंवा चेंदामेंदा झाली तर मात्र क्लेम टाकायचाच. तिथं क्षमाशील राहणारा संत नव्हे, खुळा.)

आमचे विमावाले भाऊ या हिशोबानं नाराज आहेत. त्यांचा जीव जोडकव्हरांत. "सर, इंजिन प्रोटेक्ट घ्या. पाणी शिरलं तर?" ज्या वस्तीत नळाला पाणी कितव्या दिवशी येणार हे कुणी छातीठोक सांगत नाही, तिथं हा गृहस्थ इंजिनात पाणी शिरण्याचा विमा विकतो! मी म्हटलं, शिरलं तर आधी हौदात घेऊ. मग त्यांनी फोनवर एक स्वस्त आकडा दाखवला. खाली बारीक अक्षरात गाडीची किंमतच लाखभरानं उतरवलेली. हप्ता कमी झाला म्हणून हुरळायचं, आणि चोरीला गेली की तेवढीच कमी भरपाई घ्यायची. मालकाचं १५ लाखांचं अपघाती कव्हरही असंच नीट वाचावं. ते माणसाला असतं, वाहनाला नाही. गाडीबरोबर घेतलं असेल तर स्वतःच्या नावावरच्या मोटारसायकलीला पुन्हा घ्यायची गरज नाही. घरोघरी दोनदा भरतात.

काकांनी आता स्वतःच्या पॉलिसीचं पाकीट आणलं. जुनी मारुती, बोनस ५० टक्के. त्यांनी विचारलं, "गाडी विकली तर हे जातं काय?" नाही, बोनस मालकाचा. कंपनी बदलली तरी सोबत येतो. गाडी विकून कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतो. फक्त नूतनीकरण ९० दिवसांच्या वर लोंबकळलं की गेला. आणि मालक गेला, गाडी बायकोच्या किंवा पोराच्या नावावर झाली, तर त्यांच्याकडंही जाऊ शकतो.

काका एकदम ताठ बसले. "वारसाला?"

"हो."

"मोजणी नाही? चलान नाही? महापालिकेत खेटे नाहीत?"

"नाहीत."

त्यांनी घराकडं तोंड करून पोराला हाक मारली, "अरे, ये इकडं! प्लॉट नियमित व्हायचा तेव्हा होईल. तोपर्यंत ही स्कूटी नीट मागं घ्यायला शीक."