सौजन्य : इंटरनेट

‘फोटो सौजन्य : इंटरनेट’ ही ओळ वाचली की या इंटरनेट नावाच्या गृहस्थांचं कौतुक वाटतं. दिवेघाटात वारीसाठी उन्हात ताटकळणारे हेच, विसर्जनाच्या गुलालात लेन्स पुसणारेही हेच!

फोटोस्पर्धेला आलेला फोटो आयोजक मंडळाच्या फेसबुकवर झळकतो, तेव्हा कोपऱ्यातली फोटोग्राफरची सही सफाईनं कातरलेली असते आणि तिथे हात जोडलेले अध्यक्ष विराजमान झालेले असतात. विचारलंच, तर उत्तर तयार : “अहो, तुमचीच प्रसिद्धी होतेय की!” नावाशिवाय होणारी ही प्रसिद्धी बहुधा गुप्तदानात मोडते.

१९५७चा कॉपीराइट कायदा मात्र इतका दिलदार नाही. पैसे घेऊन किंवा नोकरीत काढलेल्या फोटोंसारखे अपवाद सोडले, तर हक्क टिपणाऱ्याचा. वापराचा परवाना लेखी हवा. आणि हक्क विकला तरी कलम ५७ प्रमाणे ‘हा फोटो माझा’ म्हणण्याचा अधिकार उरतोच. प्रवेशिका भरली म्हणजे फोटोवर पाणी सोडलं, असं नव्हे.

तेव्हा आयोजकहो, फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, ते अर्जातच लिहा, सही घ्या आणि खाली नाव छापा. अध्यक्षांना देता त्याच्या निम्मी जागाही पुरेल.