जपूनकाका

नारपोलीच्या यंत्रमाग वस्तीत लूम बंद पडला की माणसं झोपेतून जागी होतात. खालच्या शेडमधली खडखड चालू आहे तोवर सगळं ठीक. ती थांबली म्हणजे बीम संपला, वीज गेली, नाहीतर पाळी बदलताना कुणाचं तरी कुणाशी जुंपलं. अशाच एका खडखडीच्या वरच्या मजल्यावर जपूनकाका राहतात. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर छापलेलं असतं, आणि तिथेच राहतं. जिना चढणाऱ्याला ‘जपून’, चहा आणणाऱ्याला ‘जपून’, जाहिरातीत फरशीवर दूध सांडणाऱ्या अनोळखी बाईलासुद्धा ‘जपून!’ असं म्हणणाऱ्या माणसाला दुसरं नाव कशाला लागतं?

हे काका काही एकटेच नाहीत. अंजूरफाट्यापासून कामतघरापर्यंत कुठल्याही आळीत शिरा, एखादा जपूनकाका भेटतोच. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. स्कूटरच्या सीटवर शोरूममधून आलेलं प्लास्टिक, आता पिवळं पडलेलं. सोफ्याला कव्हर, आणि कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर. त्या सोफ्याचा मूळ रंग घरात फक्त काकांना ठाऊक आहे आणि ते तो सांगत नाहीत.

अशा माणसाच्या घरी पडद्यावर बोट लावून चालणारा, पाठीमागे पूर्ण दुमडला जाणारा लॅपटॉप आला, ही खरं तर जीएसटीची कृपा. 1 जुलै 2017 पासून हिशेब कॉम्प्युटरवर गेला, मागोमाग ई-वे बिल आलं, आणि काकांचा जुना डेस्कटॉप धापा टाकायला लागला. राहनाळच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसणारा पुतण्या म्हणाला, “काका, टू-इन-वन घ्या. लॅपटॉपचा लॅपटॉप आणि टॅबचा टॅब.” एका पैशात दोन वस्तू हे ऐकल्यावर काकांचा विरोध मावळला. पुतण्याने मग इतिहासही ऐकवला. 2002 साली मायक्रोसॉफ्टने टॅबलेटसाठी वेगळं विंडोज काढलं, तेव्हाच्या काही मशिनांचा पडदा मधल्या एकाच खुंटीवर गरकन फिरायचा. 2012 मध्ये लेनोवोने ‘योगा’ काढला, दोन बिजागऱ्यांवर तीनशे साठ अंश उलटणारा. काकांनी एवढंच विचारलं, “खुंटी एक होती तेव्हा मोडायची का?” पुतण्या म्हणाला, “ढिली पडायची म्हणे.” काकांनी मान डोलावली. जगात ढिली न पडणारी वस्तू त्यांनी अजून पाहिलेली नाही.

लॅपटॉप ऑनलाइन मागवला. काल्हेर, पूर्णा, वळ, माणकोली या गोदामांच्या पट्ट्यातून देशभर खोकी जातात. काकांना गच्चीतून ती गोदामं दिसतात, त्यामुळे खोकं स्वतः जाऊन आणावं असा त्यांचा आग्रह होता. ते जमत नाही म्हटल्यावर त्यांनी पोचवायला आलेल्या मुलाला दारातच पाणी दिलं आणि खोक्याच्या सहाही बाजू त्याच्यासमोर तपासल्या. खोकं फोडताना पुतण्याने मोबाइलवर अखंड व्हिडिओ घेतला. हे मात्र शहाणपणाचं. आत वीट निघाली तर पुरावा तोच. वीट निघाली नाही याचं काकांना किंचित वाईट वाटल्यासारखं दिसलं.

मग पुतण्याच्या तोंडून एक वाक्य गेलं. या बिजागऱ्या 25,000 वेळा उघडमीट करून तपासल्याचं कंपन्या सांगतात, असं तो कौतुकाने म्हणाला.

काकांना कौतुक ऐकू आलं नाही, आकडा ऐकू आला. सगळी हयात मजुरीवर कापड विणण्यात गेलेली. व्यापारी सूत देतो, कारखानदार विणून देतो आणि भाव ठरतो पिकावर. धोट्याची एक फेरी म्हणजे एक पिक, त्याचा दर पैशांत. पाच पैसे वर की खाली यावर इथे घरं उभी राहतात आणि लूम भंगारात जातात. अशा माणसाने पुठ्ठ्याच्या चोपडीत लिहिलं: किंमत 60,000. उघडमीट 25,000. भाव, एका उघडण्याला 2 रुपये 40 पैसे. खाली दुसरा हिशेब: रोज दहा वेळा उघडला तर सात वर्षंही टिकत नाही. रोज दोन वेळा उघडला तर चौतीस वर्षं. चौतीसच्या खाली काकांनी दोन रेघा मारल्या.

तेव्हापासून लॅपटॉप सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा उघडतो. चोपडीत तारीख, वेळ आणि ‘उघ.’ असं लिहिलं जातं. मधेच एखादं बिल करायचं राहिलं तर ते संध्याकाळवर. व्यापाऱ्याचा फोन आला तर काका खर्जात सांगतात, “मशीन बंद आहे.” ते खोटं नसतंच.

पहिल्यांदा सुरू केला तो गुरुवार होता आणि समोर नारळ होता. नारळ फोडला नाही, पाणी उडेल म्हणून. सुरू होताच मशीनने बोटाचा ठसा मागितला. आयुष्यभर तुटलेल्या ताण्याच्या तारा चिमटीत धरून गाठी मारलेल्या त्या बोटांवर ठसा उरलाय कुठे? मशीन पुनःपुन्हा ‘बोट ठेवा’ म्हणे आणि काका पुनःपुन्हा ठेवत. शेवटी चार आकड्यांचा पिन ठेवला. तो विसरू नये म्हणून काकांनी चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी मशीनच्या पोटाला सेलोटेपने चिकटवली, नेमकी हवा आत घेणाऱ्या जाळीवर. पिन असा उघड्यावर ठेवू नये ही एक गोष्ट, आणि जाळी बुजवू नये ही दुसरी, जास्त महत्त्वाची. पुतण्याने दोन्ही सांगितल्या. काकांनी चिठ्ठी काढून पंचांगात ठेवली.

मग अपडेट आला. नवं मशीन इंटरनेटला जोडलं की हे होतंच, आणि ते एकदाच काय ते होऊ द्यावं, मधे बंद करू नये. पडद्यावर गोल फिरत राहिलं. काका तासभर हाताची घडी घालून समोर बसले, कारण एकट्याला सोडणं बरं नव्हे. मधे मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झालं तेव्हा त्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी देवाकडे.

चार्जिंगच्या बाबतीत काकांचे संस्कार जुने आहेत. ‘पहिल्या दिवशी आठ तास लावून ठेव’ ही निकेलच्या बॅटरीच्या काळातली शिकवण. लिथियम-आयनची बॅटरी सोनीने 1991 मध्ये बाजारात आणली, तिच्यामागच्या तिघा शास्त्रज्ञांना 2019 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तरी आळीतला सल्ला आठ तासांवरून हललेला नाही. या बॅटरीला उपास सोसत नाही आणि अजीर्णही. ती पार शून्याला नेऊ नये, आणि सतत शंभरावर भरून, तापत ठेवू नये. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ती खूश असते. बऱ्याच मशीनांत ऐंशीला थांबण्याची सोयही असते. पुतण्याने ती चालू करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन: “अरे, ऐंशीच्या पुढे जात नाहीये, बॅटरी वीस टक्के कमी भरून दिली कंपनीने!”

शिवाय स्टॅबिलायझर. भारनियमनाच्या काळात घेतलेला तो लोखंडी ठोकळा काकांनी माळ्यावरून काढून पुसला. पुतण्याने ॲडॉप्टर दाखवला. त्यावर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं, म्हणजे कमी दाब तो स्वतःच सांभाळतो. काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, “आणि अडीचशे आला तर?” पुतण्या गप्प बसला. मलाही वाटतं, प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता. एक बरा सर्ज प्रोटेक्टर आणला आणि दोन्ही पक्षांची अब्रू राहिली.

आता न्यायाची गोष्ट. काकांना हसणाऱ्यांनी नारपोलीची हवा पाहावी. इथे हवेत कापूस असतो. सुताचं तूस खिडकीच्या जाळीवर, पंख्याच्या पात्यावर, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीच्या सोंडेवर बसतं. लॅपटॉपचा छोटा पंखा ते आत ओढतो, ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पन्हळीपुढे त्याची गादी तयार होते, मशीन तापतं आणि मंदावतं. भल्याभल्या इंजिनिअरांच्या हे लक्षात येत नाही. काकांनी मशीन कानाशी धरून एका मिनिटात सांगितलं, “कोंडलाय.” खालचा जॉबर, म्हणजे लूमचा मेकॅनिक, लगेच म्हणाला, “शेठ, कंप्रेसर से हवा मार दूँ?” काकांनी त्याला हातानेच थोपवलं. एवढ्या जोराच्या हवेने पंखा वेड्यासारखा गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. त्यांनी मशीन बंद केलं, जाळीतून काडीने पंख्याचं पातं अडवून धरलं आणि हातातल्या रबरी फुग्याने फुसफुस हवा मारली. तुसाची एक पांढरी गोळी बाहेर आली. ती त्यांनी जॉबरच्या तळहातावर ठेवली. लूमला तेल घालणाऱ्या माणसाला मशीनची भाषा येते, अक्षरं कुठल्याही लिपीतली असोत.

पडदा पुसण्याचं त्यांचं प्रकरण तर ऐकण्यासारखं. मशीनबरोबर एक मऊ फडकं आलं होतं. काकांनी कपाटातून पिकग्लास काढला. एका इंचात किती तारा बसल्यात ते मोजायचं हे छोटं घडीचं भिंग, गिऱ्हाईकाने कापड ‘पातळ आहे’ म्हटलं की याच्यावर निवाडा होतो. फडकं उजेडाला धरून, भिंगाला डोळा लावून ते बराच वेळ वाकून होते. मग निकाल आला: “विणलेलं नाही. निटिंग आहे. सूतही नाही, पॉलिस्टर.” पुढे तेच फडकं त्यांनी पाण्याने हलकं ओलं करून, पिळून, एका दिशेने फिरवलं. पाणी थेट पडद्यावर मारायचं नाही, काच पुसायचा निळा स्प्रे तर नाहीच. त्यात अमोनिया असला तर पडद्यावरचा थर जातो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. रंगाच्या कारखान्याशेजारी राहिलेल्या माणसाला कशाने काय उडतं ते ठाऊक असतं.

पेनाबाबत मात्र काका हरले. पडद्यावर लिहायचं ते पेन त्यांनी पहिल्याच दिवशी शर्टाच्या खिशात, बॉलपेनाशेजारी लावलं. दुसऱ्या दिवशी बॉलपेन पडद्याच्या दिशेने निघालं होतं. काकूंनी किंचाळून थांबवलं. त्या दिवशी घरात पहिल्यांदा ‘जपून’ हा शब्द काकूंच्या तोंडून आला. शिवाय पेनात सेल लागतो तो नेहमीचा पेन्सिल सेल नव्हे, त्याहून बारीक, त्याहूनही बारीक, इंग्रजीत चार ए वाला. दुकानदार तीन एपर्यंत येतो आणि हात जोडतो. बोलून टाइप करण्याची सोयही करून पाहिली, पण खाली लूम चालू असताना काका ‘नमस्कार’ म्हणाले की मशीनला काय ऐकू येई कोण जाणे, ते भलतंच लिही.

घोटाळा झाला तो भाचीच्या पोराने मशीन पार मागे उलटवलं तेव्हा. काका अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर पडदा आकाशाकडे, की-बोर्ड पाटाला चिकटलेला. “कंबर मोडली!” म्हणत काका ओल्या अंगाने धावले, घाबरत एकेक कळ दाबून पाहिली, एकही चालेना. “मेला.” सगळ्या घराने श्वास रोखला. पुतण्याने येऊन पडदा पुढे आणला तेव्हा कळा जिवंत झाल्या. मशीन पाठीकडे दुमडलं की आतला सेन्सर की-बोर्ड झोपवतो, म्हणजे हातात धरताना उगाच कळा दबत नाहीत. काकांनी ते शांतपणे ऐकलं, चोपडी उघडली आणि लिहिलं: ‘उघ. 3 (पोरगं)’.

या सगळ्यात मशीनचा खरा वापर काकूंनी सुरू केला. तंबूसारखं उभं केलं की ते ओट्यावर कमी जागा घेतं, की-बोर्ड मागे राहतो, पीठ पडद्यावर उडालं तरी कळांत जात नाही. दुपारी काका खाली शेडमध्ये गेले की ओट्यावर तंबू उभा राहतो, त्यात कुणीतरी बाई अळूवड्या करते आणि काकू तिच्या चुका काढतात. काका वर यायच्या आत मशीन मिटून पिशवीत. पण चोपडीवाल्या माणसापासून लपणार काय? पिशवीची नाडी त्यांनी स्वतःच्या गाठीने बांधलेली असते.

“अगं, रोज दोन रुपये चाळीस पैसे जातात.”

“अहो, नाक्यावरचा चहा दहाला झालाय. तुम्ही चार पिता.”

यावर काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तोडगा काकूंनीच काढला. मशीन मिटायचंच नाही. एकदा तंबू उभा केला की तो उभाच. उघडणं नाही, मिटणं नाही, बिजागरीचा खर्च शून्य. काकांनी चोपडीत पाहिलं, बोटांवर मोजलं आणि बाईमाणसाच्या हिशेबात त्यांना एकही फट सापडली नाही. फक्त तूस राहिलं. उघड्या मशीनवर ते रात्रंदिवस बसणार.

म्हणून आता काका उभ्या तंबूच्या मापाचं कोऱ्या ग्रे कापडाचं कव्हर शिवून घेतायत. माप तीन वेळा घेतलं. शिंपी म्हणाला, बाजूला चेन लावू, काढघाल सोपी जाईल. चेन किती वेळा उघडमीट सोसते, हे विचारायला काका सकाळीच धामणकर नाक्याला गेले आहेत.