पेशंटसोबत कोण आहे?

दवाखान्यात हा प्रश्न सारखा कानावर पडतो आणि ‘कोणी नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही. बाहेरून इंजेक्शन आणायचं, नातेवाईक. रक्ताची बाटली लॅबमध्ये पोचवायची, नातेवाईक. वॉर्डबॉय चहाला गेला की स्ट्रेचर ढकलायचं, तेही नातेवाईक. आपली आरोग्यसेवा या बिनपगारी खात्यावर चालते. हे खातं एक दिवस संपावर गेलं, तर ओपीडीचा केसपेपरसुद्धा जागचा हलणार नाही.

आमच्या बदलापूरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे काका एकटेच राहतात. काकू गेल्या, मुलगी मेलबर्नला. इमारतीला लिफ्ट नाही. बिल्डरने ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ सांगितलं होतं, जिन्याची मिनिटं धरली नव्हती. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी त्यांच्या हातात डिस्चार्ज कार्ड पडलं. गोळ्या १-०-१. जड वस्तू उचलू नये. जिना चढणे-उतरणे टाळावे. सातव्या दिवशी टाके काढण्यासाठी येणे.

काका जन्मभर कंपनीत फिटर. कागद ड्रॉइंगसारखा आडवा-उभा वाचायची सवय. म्हणाले, “जिना न उतरता सातव्या दिवशी कसं यायचं, तेवढं लिहून द्या म्हणावं.”

जड वस्तूंचं म्हणाल तर पाणी पहाटे साडेपाचला येतं, तासाभरात जातं. भरलेली बादली जड वस्तूत मोडते की नाही, याचा खुलासा कार्डावर नव्हता. पोळीभाजीवाल्या ताई डबा द्यायला तयार होत्या, पण खाली गेटपर्यंतच.

आणि घरी यायचं कसं? १०८ नंबरची गाडी तुम्हाला आणायला येते, ती तातडीची. परतीला आपली शेअर रिक्षा, चौथी सीट, आणि प्रत्येक गतिरोधकाला पोटावर हात.

हे सरकारला जमत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळ-बाळंतिणीला दवाखान्यातून घरापर्यंत फुकट सोडतात, १०२ची गाडी त्यासाठीच. पुढे आशाताई घरी येतात : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन करतात, ताप बघतात, आईला जेवलीस का विचारतात. म्हणजे पोचवणं, घरी जाऊन बघणं, तारखा पाळणं, सगळं येतं. पेशंटचं वय फक्त ४२ दिवसांच्या आत हवं. काका ७१ वर्षं उशिरा आले.

ज्येष्ठांसाठी काहीच नाही, असंही नाही. २००७च्या कायद्याने सरकारी रुग्णालयात त्यांची वेगळी रांग आहे, आत जाण्याची. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४पासून आयुष्मानचं ५ लाखांचं संरक्षण आहे, त्यात घरी गेल्यावर १५ दिवसांची औषधं-तपासण्यादेखील धरल्या आहेत. बादली धरलेली नाही. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात घरभेटीही आहेत, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. काकांनी अजून थोडी कळ काढली, तर पात्र ठरतील.

दवाखान्यात समाजसेवक ही कल्पनाही आपल्याला नवी नाही. देशातली पहिली नेमणूक १९४६ साली आपल्याच मुंबईत, जे. जे. रुग्णालयात झाली. तेव्हा काकांचं ऑपरेशन झालं त्या उल्हासनगरला उल्हासनगर हे नावही मिळालं नव्हतं. लष्कराची छावणी होती, फाळणीचे निर्वासित अजून यायचे होते. आज त्याच उल्हासनगर तीनच्या मध्यवर्ती रुग्णालयात अंबरनाथ, बदलापूर, मुरबाडकडून पेशंट येतात. त्यातला कोण कितव्या मजल्यावर राहतो, घरी चूल पेटवायला कोण आहे, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. इंग्लंडात घरी सोडताना हेच विचारतात आणि गरज दिसली तर सहा आठवड्यांपर्यंत मदतनीस फुकट देतात. आपल्याकडे समाजसेवकाची गाठ पडली, तर बहुधा रेशनकार्डाची झेरॉक्स आणि योजनेचा फॉर्म यांपायीच.

काकांच्या डिस्चार्जला सही मीच केली. फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘वरचा मजला.’ खिडकीतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे नातं नाही होत.” मागे रांग खोळंबलेली. शेवटी त्यांनीच खोडून ‘पुतण्या’ लिहिलं आणि शिक्का मारला. इतक्या झटपट दत्तकविधान कोर्टातही होत नसेल.

पुतण्याने आठवडाभर पाणी भरलं, डबा वर आणला. सातव्या दिवशी आम्ही तीन मजले उतरलो, प्रत्येक वळणावर थांबत. सिस्टरने टाके काढले, कार्डावर पुढची तारीख घातली आणि मला म्हणाली, “पुतणे ना तुम्ही? सहा महिने लक्ष ठेवा यांच्यावर.”

“ठेवील हो,” काका म्हणाले, “पण याचं अ‍ॅग्रीमेंट मार्चमध्ये संपतंय.”