दोन मिनिटंवाले भाऊ

खामगावच्या बाजारात चालताना नडगीला साईड स्टँड लागला नाही असा माणूस बाहेरगावचाच असावा, आणि तोही गाडीतून न उतरलेला. हा स्टँड ज्यांच्या मोटारसायकलचा असतो ते आमचे दोन मिनिटंवाले भाऊ. त्यांना खरं नाव आहे. पण बुलढाण्याच्या जयस्तंभ चौकात, चिखलीला, मलकापुरात स्टेशनच्या रस्त्याला ते वेगवेगळ्या नावांनी राहतात, त्यामुळे नावाला अर्थ नाही. ओळख एका वाक्यावर पटते : “दोनच मिंटं, भाऊ!”

माणूस वाईट नाही, हे आधी सांगतो. उलट, वाईट असता तर सोपं होतं. शेजारच्या आजोबांना दवाखान्यात हेच नेतात, आणि दवाखान्यासमोर उतारावर गाडी लावून व्हीलचेअरची वाट हेच बंद करतात. मागून कोणी हॉर्न वाजवला तर यांना मनापासून वाईट वाटतं. “पेशंट आहे ना बापा! मी काय इथं घर बांधून राह्यलो?”

घरही बांधलंच म्हणा. त्या वेळी रेती उतरली ती दारासमोर रस्त्यावर, गिट्टी त्याच्या पुढं. दोन दिवसांत उचलतो म्हणाले होते. पावसाळ्यात रेती नालीत गेली, गिट्टी रस्ताभर पसरली आणि शाळेची पोरं त्यावरून सायकलींसकट घसरली. पोरांना भाऊंनीच उचललं, हळद लावली, बिस्किटं दिली. नालीवरचा ढापा त्याच सुमारास ट्रॅक्टरच्या चाकाखाली फुटला. त्यात कोणी पडू नये म्हणून भाऊंनी स्वखर्चानं बाभळीची फांदी रोवली. आता अंधारात लोक ढाप्यात पडत नाहीत, फांदीला अडकून पडतात.

पायी चालणाऱ्यांच्या सोयीसाठी इंडियन रोड्स काँग्रेस नावाच्या संस्थेनं मापं ठरवून दिली आहेत. फूटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं ती म्हणते. भाऊंची मोटारसायकल साधारण दोन मीटर लांब. म्हणजे आडवी लावली की पूर्ण फूटपाथ झाकून शेपूट रस्त्यावर येतं. इतकं नेमकं बसणारं कव्हर नगरपालिकेनं निविदा काढूनही मिळालं नसतं. अर्थात, आपल्याकडे मुळात फूटपाथ आहे कुठं, हा भाऊंचा बिनतोड सवाल. जिथं आहे तिथं फळवाल्याची गाडी, रसवंतीचा चरक, दुकानाच्या पुढं सरकलेल्या दोन पायऱ्या, आणि डोक्याच्या उंचीवर फ्लेक्सची तार. सगळे दोन मिनिटांसाठीच आलेले. पायऱ्यांवर तर फरशीही बसली आहे.

२०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्याजोगा फूटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ही बातमी मला भाऊंनीच वाचून दाखवली. चहाच्या टपरीसमोर, फूटपाथवर चढवलेल्या गाडीच्या सीटवर बसून. “लय चांगलं केलं कोर्टानं. माणसानं चालावं कुठून?” त्यांचा संताप खोटा नव्हता. बोलता बोलता एक बाई कडेवरचं पोर सांभाळत आली, गाडीपाशी थबकली आणि रस्त्यावर उतरली. भाऊंनी लगेच हात करून मागून येणारी एसटी थांबवली. “जा ताई, जा बिनधास्त.” मग मला म्हणाले, “पाह्यलं? कोनालेच माणुसकी नाही राह्यली.”

साईड स्टँडनं कोणी मरत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. नडगी सोलते, इतकंच. पण त्या स्टँडला वळसा घालून माणूस डांबरावर उतरतो, आणि तिथं कापसाचा ट्रक असतो. २०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यांवर गेले, अशी केंद्र सरकारची नोंद आहे. गुन्हा ट्रकवाल्यावर दाखल होतो. ज्याला वळसा घालायला माणूस खाली उतरला तो तोवर किक मारून गेलेला असतो. त्याची दोन मिनिटं झालेली असतात.

वर्षातून एक दिवस मात्र भाऊ स्वतः पायी चालतात. आषाढी करून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव हा सतरा-अठरा किलोमीटरचा शेवटचा टप्पा आख्खा जिल्हा चालतो. भाऊ तर अनवाणी. त्या दिवशी रस्ता पायी चालणाऱ्यांचा असतो, गाड्या बाजूला, आणि जो तो वाकून म्हणतो, “माउली, पाणी घ्या.” गेल्या खेपेला शेगावच्या अलीकडं कोणाची तरी मोटारसायकल मध्येच उभी होती. भाऊ एवढे चिडले की दोघांच्या मदतीनं ती उचलून शेतात ठेवली. “अक्कल आहे का लेकाले? इथं माणसं चालून राह्यली!”

पालखीच्या स्वागताला भाऊंच्या गल्लीतर्फे फराळाचा मंडप असतो. साबुदाण्याची उसळ, केळी, चहा; कोणाला ना नाही. मंडपाच्या बल्ल्यांसाठी डांबर फोडून रस्त्यात खड्डे खणतात, ते भाऊंच्या देखरेखीखाली. पालखी गेली, मंडप निघाला, खड्डे राहिले. त्यातल्या एकात माझा पाय घोट्यापर्यंत गेला तेव्हा भाऊ धावत आले, पाय चोळून दिला, चपलेचा तुटलेला अंगठा स्वतः शिवून आणला. मी म्हटलं, भाऊ, निदान हे खड्डे तरी बुजवून टाका.

“बुजून काय फायदा?” भाऊ म्हणाले. “पुढच्या साली पालखी येईनच ना! मंग पुन्हा खांदाच लागतीन.”