बॅटरी डिकीत, डिकी बॅटरीवर

बॅटरी उतरली आहे. बॅटरी डिकीत आहे. डिकी बटणाने उघडते. बटणाला वीज लागते. वीज बॅटरीत आहे.

सी विंगमधले काका परवा सकाळी पार्किंगमध्ये आपल्या विलायती, आलिशान, छोटेखानी एसयूव्हीभोवती प्रदक्षिणा घालत एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. वॉचमनला आधी वाटलं, स्तोत्र चाललंय.

या काकांना तुम्ही ओळखता. नवी देशी गाडी बुक करायला घरातून निघायचं, वाटेत जुन्या गाड्यांच्या शोरूमच्या काचेपाशी थबकायचं आणि संध्याकाळी पुढे चकचकीत बिल्ला असलेलं काहीतरी घेऊन यायचं, ती ही जमात. ‘नवी असताना ४० लाख, आपल्याला १३ला पडली,’ हे वाक्य त्यांनी लिफ्टमध्ये, वार्षिक सभेत आणि एका तेराव्यालाही ऐकवलं. वरचे २७ लाख वाचले, असा त्यांचा समज होता. ते वाचले नव्हते, थकले होते. आता वसुली सुरू आहे.

गाडी दिली तेव्हा शोरूमवाल्यांनी गुच्छ दिला, पेढे दिले, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली काका-काकूंच्या हातात धरायला लावून फोटो काढला. त्या सबंध व्यवहारात किल्लीसारखी दिसणारी वस्तू ती एकच. हातात पडला तो रिमोट. मूळ मालकासोबत गाडीचं माहितीपुस्तकही गेलेलं. त्यामुळे त्या रिमोटच्या पोटात बोटाएवढी पत्र्याची खरी किल्ली दडलेली असते, ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीपाशी एक प्लॅस्टिकचं टोपण असतं, ते नखाने उचकटलं की आत भोक सापडतं, आणि अख्ख्या गाडीला बाहेरून किल्ली लागेल असं ते एकमेव भोक असतं, हे काकांना कुणी सांगितलं नाही. अशा बहुतेक गाड्यांत दार उघडून बॉनेटची तार ओढली की इंजिनाच्या बाजूला लाल टोपणाखाली जंपर लावायला एक खुंटी दिलेली असते. बॅटरीपर्यंत जायची गरजच नसते. हेही कुणी सांगितलं नाही. दार कसं उघडायचं ते नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनला ठाऊक होतं. त्याने ते उघडलं, मग बॉनेट उघडलं, आत बराच वेळ शोधलं आणि विचारलं, “काका, हिची बॅटरी कुठंय?”

“डिकीत.”

“मग डिकी उघडा की.”

इथून पुढे पार्किंगमध्ये गर्दी जमू लागली.

बॅटरी डिकीत का, याला कारण आहे आणि ते खोटं नाही. इंजिनाजवळ जागा कमी, उष्णता जास्त, बॅटरी वीसेक किलोची. ती मागे नेली की पुढच्या-मागच्या चाकांवरचं वजन सारखं व्हायला मदत होते आणि गाडी भरधाव वेगात वळणावर कमी डळमळते. काकांची गाडी रविवारी मंडईत जाते आणि गुरुवारी दत्ताला. लक्ष्मी रोडवर पहिल्या गिअरमध्ये तिने वजनाचा तोल इतका सुरेख सांभाळलाय, की डब्यातलं ताक हिंदकळलेलं नाही. त्या तोलासाठी साठी उलटलेला हा गृहस्थ मागच्या सीटची पाठ पाडून, पोटावर सरपटत, स्वतःच्या गाडीच्या डिकीत चोरासारखा शिरला. डिकीच्या दाराला आतून एक टोपण असतं, त्यामागे एक खटका. तो आधी सापडेना, मग हाताला लागेना, मग लागला तर चष्मा पडला. बाहेरून डझनभर माणसं सूचना करत होती. त्यातला एक ‘आत उजेड करा’ म्हणाला. उजेडालाही वीज लागते, हे त्याला कुणीतरी सौम्यपणे समजावलं. धक्का मारू या, असंही एकजण म्हणाला. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. शिवाय वीज गेल्यावर गिअर ‘पी’मधून हलत नाही, हँडब्रेकसुद्धा विजेचा, तो सुटत नाही. म्हणजे गाडी बंद पडल्यावर बाजूलाही घेता येत नाही. ती जिथे मरते तिथेच तिची समाधी होते. या समाधीमागे बी विंगमधल्या देशपांड्यांची स्कूटर अडकली होती.

डिकी उघडली तेव्हा टाळ्या पडल्या.

आता खरी गंमत. बॅटरी का उतरली? ती जुनी होती, हे अर्धंच उत्तर. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करून पुन्हा सुरू करणारी सोय काकांच्या गाडीत महिनाभर चालत नव्हती आणि काका त्यावर खूश होते. कटकट गेली म्हणायचे. बॅटरी अशक्त झाली की गाडी सगळ्यात आधी तीच सोय गुंडाळते. तो तिचा पहिला अर्ज होता. उरलेलं अर्धं उत्तर झोपेत आहे. या गाड्यांत डझनावारी छोटे संगणक असतात. दाराचा वेगळा, सीटचा वेगळा, छताचा वेगळा. गाडी लॉक केली की ते एकेक करून झोपतात, आणि सगळे झोपले की गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आतच वीज खाते. म्हणजे दिवसाला जेमतेम सव्वा अँपिअर-तास. ८० अँपिअर-तासांची धडकी बॅटरी त्यावर महिना सहज काढते. पण एखादा जागा राहिला आणि सगळ्यांना जागं ठेवून १ अँपिअर ओढत बसला, तर दिवसाला २४ गेले. तिसऱ्या दिवशी स्टार्टर मान टाकतो. जागा कोण राहतो ते शोधायला मीटर लावून, गाडी झोपेपर्यंत शांत बसावं लागतं. कुणी मध्येच दार उघडलं की सगळे संगणक पाळण्यातल्या पोरासारखे टक्क जागे होतात आणि पुन्हा पहिल्यापासून. आमच्या पार्किंगमध्ये हा प्रयोग होणं अशक्य होतं, कारण दर पाच मिनिटांनी कुणीतरी ‘झाली का हो?’ म्हणून दार उघडत होतं.

शेवटी सापडला तो गुन्हेगार ऐका. डिकीच्या बिजागरीतून वायरींचा एक जुडगा दाराकडे जातो. डिकी उघड-मिट होते तशा त्या वायरी वर्षानुवर्षं वाकतात, रबर तडकतं आणि एखादी आतून तुटते. तुटलेली वायर होती कुलपाच्या स्विचची. त्यामुळे बंद डिकी रात्रभर संगणकाला कळवत होती, की मी उघडी आहे. उघड्या डिकीच्या गाडीने झोपायचं कसं? म्हणून अख्खी गाडी जागी राहिली, जागून बॅटरी संपली, आणि बॅटरी संपल्यामुळे रात्रभर ‘उघडी आहे’ म्हणणारी डिकी सकाळी उघडेना. मी बऱ्याच सरकारी कचेऱ्या पाहिल्या आहेत. कागदावर उघडं आणि प्रत्यक्षात बंद, हे तिथेही असतं. पण तिथे निदान खिडकी असते, खिडकीला गज असतात, गजांतून ओरडता येतं.

वायर जोडायला इलेक्ट्रिशियनने दोनशे रुपये घेतले. त्याआधी काकांनी जंपरने सुरू झालेली गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवली होती, तिथला अंदाज वेगळा होता. तिथे स्कॅनर लावला आणि लांबलचक यादी बाहेर आली. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, कॅमेरा, हेडलाइट, सगळ्यांच्या तक्रारी. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. ती १२च्या खाली घसरली आणि तशात स्टार्टर मारला की व्होल्टेज धाडकन पडतं, आणि प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे तोच छोटा संगणक, आपापल्या नावाने फॉल्ट नोंदवतं. ‘यू’ने सुरू होणारे कोड म्हणजे तर नुसतं, ‘शेजारचं मॉड्यूल माझ्याशी बोलत नाही.’ सोसायटीची पाणीपट्टी थकली की जशी सगळ्या विंगांत भांडणं लागतात. आधी बॅटरी आणि अर्थिंगची पट्टी बघायची, सगळे कोड पुसायचे, चार दिवस गाडी चालवायची आणि परत येतील तेवढ्यांचाच विचार करायचा, ही साधी रीत. पण साध्या रीतीचं बिल होत नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर आकडा लिहिला की होतं. त्यात मॉड्यूल बाहेरून मागवावं लागतं, आलेलं मॉड्यूल या गाडीला ओळखत नाही, ओळख करून द्यायला कोडिंग, आणि कोडिंगचे पैसे वेगळे. नवी बॅटरी घातली तरी तेच. अनेक विलायती गाड्यांत बॅटरी बदलली हे संगणकाला रीतसर कळवावं लागतं, नाहीतर तो नव्या बॅटरीलाही जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहतो. पंचवीस-तीस हजारांची वस्तू पैसे मोजून विकत घ्या, स्वतः उचलून आत ठेवा, आणि मग तिची नोंद करायला पुन्हा त्यांच्याच दारात जा.

इथे मला हसू येईनासं होतं.

कारण हे सगळं मी समजून घ्यायला तयार आहे. संगणक हवेत, मान्य. मागे वजन हवं, मान्य. उंदीर वायरी कुरतडतात त्यात कारखान्याचा दोष नाही. आपण इंजिनात तंबाखूची पानं ठेवतो आणि उंदीर ती ओलांडून मेजवानीला जातात. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी उतरवणाऱ्या नळ्या गुलमोहराच्या पानांनी तुंबतात, पावसाळ्यात ते पाणी खांबातून उतरून कार्पेटखाली साचतं आणि तिथेच नेमकं एखादं मॉड्यूल बसवलेलं असतं, हेही एकवेळ सोडतो. ज्याने ते तिथे बसवलं त्याच्या गावात जून महिना नसेल. पण डिकीला किल्लीचं भोक का नाही? मला याचं उत्तर हवंय. माझ्या पंचवीस वर्षं जुन्या देशी गाडीच्या डिकीला भोक होतं. किल्ली घालायची, फिरवायची, खट्. बॅटरी जिवंत आहे का, मॉड्यूल झोपलंय का, कुणी विचारत नव्हतं. ते भोक काढून टाकण्यामागे अभियांत्रिकीचं मोठं कारण मला तरी दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की मागून बघताना गाडीची पाठ गुळगुळीत दिसावी. एका गुळगुळीत रेघेसाठी तुम्ही माणसाला त्याच्याच गाडीत सरपटायला लावता? आणि तो माणूस म्हातारा असेल, पाऊस असेल, घाटात रात्रीचे दोन वाजले असतील, जॅक आणि लाल त्रिकोण त्याच बंद डिकीत असतील, तर? त्रिकोणसुद्धा डिकीत! मागून येणाऱ्या ट्रकला ‘थांब’ सांगणारी वस्तू अशा जागी, जी ट्रक येण्याआधी उघडणार नाही. बरं, भोक काढलं त्याचे पैसे कमी केले म्हणाल, तर तेही नाही. उलट पाय हलवला की डिकी उघडते, ही सोय म्हणून विकतात. काकांनी त्या सकाळी बंपरखाली इतके पाय हलवले, की पहिल्या मजल्यावरच्या मुलीला वाटलं, ते झुंबा करतायत. चाळीस लाखांच्या गाडीला एक कुलूप परवडत नाही, आणि आमच्या कचऱ्याच्या खोलीला दोन आहेत.

आणि विकणारे. गाडी दाखवायच्या आदल्या संध्याकाळी स्कॅनर लावून सगळे कोड पुसायचे, बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवायची, कार्पेट ब्लोअरने वाळवायचं, वर लिंबाचा सुवास मारायचा. गिऱ्हाईक आलं की इंजिन आधीच गरम. एखादा दिवा लागलाच तर ‘सेन्सरचं आहे’. पंधरा वर्षांपूर्वी हीच मंडळी ‘फक्त डेंटिंग-पेंटिंग’ म्हणायची.

काका गाडी विकतायत. बघायला बरीच माणसं येतात आणि शेजारी म्हणून माझ्याकडे डोळ्यांनी विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकतो. अशी कुठलीही गाडी सकाळी, गार इंजिनावर बघा. इग्निशन दिलं की एअरबॅग, एबीएस, इंजिन असे धोक्याचे दिवे आधी लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झालं की विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर तो कुणीतरी मुद्दाम मारलेला असू शकतो. स्वतःचा माणूस नेऊन स्कॅन करा, आणि कोड नसले तरी इंजिनाच्या स्वयंतपासण्या ‘नॉट रेडी’ दिसल्या, तर ते नुकतेच पुसले असावेत असं समजा. सनरूफच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय का पाहा. मग खाली वाका आणि पुढच्या सीटखालच्या कार्पेटमध्ये बोटं खोल खुपसा. ओलं लागलं तर किमतीवर बोलू नका, मालकाचा चहा घेऊ नका, सरळ रिक्षा करून घरी जा.