तात्यांचं चुकलंच

जबलपूरहून कटनीच्या रस्त्याला लागलं की पंधरा-सोळा किलोमीटरवर पनागर येतं. गावाचं नाव पनागर, रेल्वे स्टेशनचं मात्र देवरी. जिथे एका नावावरसुद्धा एकमत नाही, तिथे आमच्या तात्यांनी निवृत्तीनंतर घर बांधावं हे रीतसरच झालं. वास्तुशांतीच्या पंगतीतच ते वरणाची वाटी बाजूला सारून म्हणाले, "चुकलंच. राइट टाउनला जुनं का होईना, घर घ्यायला हवं होतं." राइट टाउनला घेतलं असतं तर पनागरची मोकळी हवा आठवून उसासे टाकले असते, याबद्दल काकूंच्या मनात तिळमात्र शंका नाही.

तात्यांची नोकरी गन कॅरेज फॅक्टरीत. १९०४ सालापासूनचा हा तोफगाड्यांचा कारखाना; तिथे मापात सूतभर फरक खपत नाही. तात्यांनी तो काटेकोरपणा घरी आणला. निळा शर्ट की राखाडी यात दुकानदाराचं दुपारचं जेवण राहायचं, आणि निळा घेतल्यावर पुढचे आठ दिवस राखाडीच्या नावाने सुतक. नागपूरला अंबाझरीच्या फॅक्टरीत बदली मिळत होती, ती नको म्हणाले. आता संत्रं सोललं की ती बदली आठवते.

खरा हंगाम डिसेंबरात. पनागरकडचा मटार तेव्हा भरात असतो. तात्या ढिगाशेजारी उकिडवे बसतात, शेंग कानाशी नेऊन फोडतात, दाणे मोजतात, एखादा चावून डोळे मिटतात. शेवटी विकणाराच विचारतो, "बड्डे, मटर लेना है कि रिश्ता पक्का करना है?" मग पाच किलो घेतात. दुसऱ्या दिवशी आवक वाढते आणि भाव उतरतो. तो दरवर्षीच उतरतो, पण तात्यांना वाटतं की आपण घ्यायची वाट बघत होता. मटार परातीत पडल्यावर भावाचं नाव काढायचं नाही, असा काकूंचा दंडक आहे. तात्या तो पाळतात. फक्त सोलताना ओठ हलत असतात.

आयुष्यात एकच निर्णय त्यांनी मागचापुढचा विचार न करता घेतला. २२ मे १९९७ च्या रात्री, एकच्या सुमारास जबलपूरला भूकंप झाला तेव्हा. क्वार्टर हलली आणि तात्या उशाचा ट्रान्झिस्टर छातीशी धरून थेट मैदानात. काकू आत. त्या मागून आपल्या पायांनी, लुगडं सावरत, दाराला कडी घालून आल्या. गंमत म्हणजे त्या निर्णयाबद्दल तात्यांच्या तोंडून "चुकलंच" हा शब्द आजवर निघालेला नाही. ट्रान्झिस्टरमध्ये सेल नव्हते, एवढीच काय ती खंत.

त्यांच्या पुण्याच्या पुतण्याने एकदा हर्बर्ट सायमनचा दाखला दिला. सगळ्यात उत्तम ते शोधत बसण्यापेक्षा पुरेसं चांगलं दिसलं की थांबावं, असं सायमनने १९५६ मध्ये मांडलं. पुढे १९७८ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. तात्या गंभीर झाले. "छप्पन्न सालीच? मग मला बघण्याच्या कार्यक्रमाआधी कुणी सांगितलं का नाही?" स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "मी तर तेच केलं." पुतण्याने विषय बदलला.

सध्या तात्यांनी नवा उपाय काढला आहे. छापा-काटा. परवा बड्या फुहाऱ्याला खव्याची जिलबी आणायला निघालो तेव्हा ऑटो की बस, हे पाचाच्या नाण्याने ठरवलं. बस आली. तात्या खिडकीशी बसले, एकही ऑटो मोजली नाही, चक्क गुणगुणत होते. मला वाटलं, सुटला माणूस. अधारतालला बस थांबली तसे ते माझ्याकडे वळले.

"पाचाचं नाणं जरा जड असतं, नाही? दोनाचं उडवायला हवं होतं."