जमा-नावे

त्या वन्यप्राणी उपचार केंद्रात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या अंगात हिरव्या-खाकी ठिपक्यांचा शर्ट होता, गळ्यात दुर्बीण होती आणि डोक्यात बिबट्या होता. दारातच टेबलामागे एक गृहस्थ बसले होते. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि समोर लाल कापडी बांधणीची जाडजूड वही. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय आणलंय?"

"काही नाही. मी स्वयंसेवक म्हणून..."

"म्हणजे निरंक." त्यांनी माझ्या मोकळ्या हातांकडे एकदा पाहून घेतलं. "ती दुर्बीण खुंटीला टांग. बिबटे जुन्नरला, माणिकडोहला. इथे कबुतरं आहेत. खराटा मागच्या बाजूला."

हे आमचे कॅशियरकाका. छत्तीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या. निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात, काकांनी फक्त काउंटर बदललं. केंद्रात पूर्वी एक वही होती, तिच्यात प्राण्यांच्या नोंदी आणि चहाचा हिशोब एकत्र असायचा. काकांनी ती पाहिली आणि त्यांना रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पैशांनी खतावणी घेऊन आले. आला तो जमा, सुटला तो नावे, गेला तो बुडीत. वर्ष एक एप्रिलला सुरू. फक्त शेवटचा रकाना छापील होता, 'घेणाऱ्याची सही'. तो कायम रिकामा राही आणि काकांच्या मनाला ते लागून राहिलं होतं. "ऑडिटला काय सांगायचं?" ते म्हणत. आमच्याकडे ऑडिट कधीच होत नाही, हे त्यांना सांगायचं धैर्य कुणाला नव्हतं.

काउंटरवर माणूस खोकं घेऊन आला की काकांचे प्रश्न ठरलेले. कुठे सापडलं? किती वाजता? खायला काय दिलंत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं. दूध-पोळी. घुबडाला दूध-पोळी, कासवाला दूध-पोळी, घारीला दूध-पोळी. आणि जखमेवर हळद.

"अहो, घारीला दूध?" काका चष्म्यावरून बघत. "तिच्या आईने तरी पाजलं असेल का?" मग ते पावती फाडल्यासारखा सल्ला देत. खोक्याला भोकं पाडा, झाकण लावा, अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, मुलांना दाखवत बसू नका आणि वन विभागाला १९२६ वर फोन करा. "मांडीवर घेऊन कुरवाळू नका. तुम्हाला माया वाटते, त्याला वाटतं आता हा आपल्याला खाणार."

एकदा एक तरुण जोडपं चपलांच्या खोक्यातून बुलबुलाचं पिल्लू घेऊन आलं. मुलीचे डोळे भरलेले. अनाथ आहे म्हणाली, बागेत जमिनीवर एकटंच बसलं होतं. काकांनी झाकण किलकिलं केलं. अंगावर पिसं आलेली, शेपूट बोटभर आखूड, पायांत उड्या.

"हा अनाथ नाही, हा उडायला शिकतोय. शाळेतून घरी निघालेलं पोर तुम्ही उचलून अनाथाश्रमात आणलंत. आई तिकडे झाडावर बसून बोंबलत असेल."

"पण आम्ही हात लावलाय. आता आई त्याला घेणार नाही ना?"

"तुमच्या हाताला वास येतोय, खरं आहे. बुलबुलाला त्याचं काही नसतं." काकांनी खोकं परत सरकवलं. "ही आमची शाखा नाही. ज्या शाखेवरून उचललंत, तिथेच नेऊन ठेवा."

मला वाटलं, हा माणूस प्राण्यांच्यात चुकून आला. माझं हे मत खारीच्या पिल्लाने बदललं. अंगठ्याएवढं, डोळे न उघडलेलं. मी उत्साहाने दुधाची सिरिंज घेऊन पुढे झालो, तर काकांनी हात धरला. "थांब. अंग गार आहे. गार पोटात घातलेलं पचत नाही." त्यांनी गरम पाण्याची बाटली पंचात गुंडाळून पिल्लू तिच्याशेजारी ठेवलं आणि घड्याळ बघत बसले. पिल्लाच्या अंगात ऊब आल्यावर त्यांनी ते पालथं धरलं, कारण उताणं धरलं तर दूध थेट फुप्फुसात जातं. दूधही गाईचं नव्हे, त्याने जुलाब लागतात. डॉक्टर मॅडमनी ठरवून दिलेली पावडर कोमट पाण्यात कालवलेली. मग सिरिंजच्या टोकाला एक थेंब. तो चाटून संपला की दुसरा. नव्या कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्या सोडवाव्यात तशी ती बोटं चालली होती. पोट भरल्यावर काकांनी बँकेतून आणलेली ओल्या स्पंजची डबी पुढे ओढली, आता तिच्यात ओला कापूस असतो. तो पिल्लाच्या शेपटीखाली हलकेच फिरवला. खारीची आई हे चाटून करते, त्याशिवाय पिल्लाला लघवी होत नाही. दोन मिनिटांनी काकांच्या तळहातावर मोत्याएवढा थेंब आला. काकांचा चेहरा मुलगा मॅट्रिक झाल्यासारखा झाला. वहीत नोंद पडली, 'दूध १ मिली. निचरा समाधानकारक.'

संध्याकाळी सहाला मोजदाद. वही आणि पिंजरे जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी वहीत ४२ होते आणि पिंजऱ्यांत ४३ भरले. काका पांढरेफटक पडले. "कमी भरलं तर खिशातून घालता येतं. जास्त भरलं तर जाब द्यावा लागतो." तीनदा मोजलं. साडेआठ वाजता डॉक्टर मॅडम जाड हातमोजे घालून, टॉर्च घेऊन वटवाघळाच्या पिंजऱ्याशी गेल्या. मांजाने पंख फाटलेली ती मादी उलटी लटकली होती आणि तिच्या छातीला, पंखाच्या आड, एक ओलसर पिल्लू घट्ट चिकटलं होतं. काकांनी बराच वेळ टॉर्चच्या उजेडात पाहिलं. मग शांतपणे जमेच्या बाजूला लिहिलं, 'व्याज – १'.

बुडीत खात्यात नोंद पडली, की त्या दिवशी काका चहा घेत नाहीत. डायबेटिस आहे म्हणतात. एरवी तोच डायबेटिस दोन चमचे साखर मागून घेतो.

संक्रांत म्हणजे आमचा सीझन. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. ती बंदी दर जानेवारीत आमच्याकडे पंखांत गुंतून येते. काका कापून काढलेला प्रत्येक तुकडा पाकिटात घालून, तारीख टाकून स्टेपल करतात. एका जानेवारीत १५ तारखेला एक घार आली. पंखाच्या पुढच्या कडेचा पातळ पडदा हाडापर्यंत चिरलेला. वजन ५४० ग्रॅम. खाते क्रमांक ६१२. डॉक्टर मॅडम टाके घालत होत्या. काकांनी घारीच्या डोक्यावर फडकं टाकून पाय पकडले होते आणि तासभर चकार शब्द काढला नाही.

मी तिला 'राणी' म्हणायला लागलो. काकांनी ऐकलं.

"इथे नावं ठेवायची नाहीत. फारच खाज असेल तर माणसांना ठेव."

"काका, नुसती हाक मारली तर काय बिघडतं?"

"माणसाचा आवाज ओळखीचा झाला की बाहेर जाऊन ती माणसाकडेच येणार. लोक दगड मारणार." ते वहीत आकडे लिहीतच राहिले. "छत्तीस वर्षं रोज लाखो रुपये हातातून गेले. एका नोटेला कधी लाडाने हाक मारली नाही. आपलं नव्हतंच ते."

अडीच महिन्यांत घार ६९० ग्रॅमवर आली, मोठ्या पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत उडायला लागली. सोडायची तारीख काकांनीच काढली, ३१ मार्च. "इयर एंडिंगला खातं बंद झालेलं बरं."

गच्चीवर मी खोक्याचं झाकण उघडलं. वेळ लिहायला काकांनी कठड्यावर वही उघडून ठेवली होती. घार बाहेर आली, उडी मारून नेमकी कठड्यावर बसली, आमच्याकडे पाठ केली आणि उडण्यापूर्वी पक्षी जे करतात ते तिने केलं. चुन्याच्या पिचकारीसारखं. मग पंख पसरले आणि गेली. समोर कचरा डेपोवर पंधरा-वीस घारी घिरट्या घालत होत्या. मिनिटभरात त्यांतली आमची कुठली ते कळेना.

काका वर बघतच नव्हते. ते वहीकडे बघत होते. ६१२ च्या ओळीत, शेवटच्या रकान्यात, पांढराशुभ्र ठिपका पडला होता. मी घाईने रुमाल काढला.

"हात लावू नकोस!" काका ओरडले. एवढ्या मोठ्याने ते ओरडलेले मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी वाकून ठिपक्यावर हलकेच फुंकर घातली. "खातेदार निरक्षर असला तर अंगठा चालतो. हेही चालतं."

मग खिशातलं दुसरं पेन काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"अंगठ्याला साक्षीदार लागतो फक्त. इथे कर सही. पूर्ण नाव लिही, आद्याक्षरं चालणार नाहीत. आणि तारीख घाल."